तळटीप : पॅडवरचा संबळ

* पॅडवरचा संबळ : ‘पॅड’ म्हणजे ऑक्टापॅड. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली आणलेले, ८ रबरी चौकटींचे हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. संबळाचा ठोका आधी ध्वनिमुद्रित करून यंत्रात भरतात. मग चौकटीवर काठी पडली की तोच ठोका कर्ण्यातून उमटतो. बीड जिल्ह्यात लग्नानंतरच्या गोंधळाला संबळ-तुणतुण्याची जोड लागते. गोंधळ हा कुलदेवतेचा जागर, आणि याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईची योगेश्वरी तर अनेक घराण्यांची कुलदेवता. वाद्यवृंदात गोंधळाचा हाच ठेका पॅडवर घेतात.

यात सोय आहे. संबळाचे चामडे दमट हवेत सैल पडते, ते तापवून घ्यावे लागते. पॅडला ही अडचण नाही. पण खऱ्या संबळात धाकट्या भांड्यावर सरळ काठी कडकडते, थोरल्यावर वाकड्या टोकाची काठी घुमते, आणि ठोका कडेला पडला की मध्यावर, यावर नाद पालटतो. पॅडवर जोर लावला तर आवाज वाढतो, तरी नाद भरलेला तोच राहतो.

दक्षिण अमेरिकेतही लोकसंगीत असेच यंत्राशी जोडले गेले. इक्वेडोरच्या निकोला क्रूझने २०१५च्या ‘प्रेंदेर एल आल्मा’ या संग्रहात अँडीज पर्वतातल्या लोकसंगीताला इलेक्ट्रॉनिक तालाची साथ दिली. यंत्र जरूर घ्यावे. मात्र संबळ वाजवणारा हात जपला, तरच यंत्रात भरायला नवा नाद मिळत राहील. – संपा.