अंगोरा सशाचा मानदंड

राजांच्या वंशावळी आपण इतिहास म्हणून वाचतो. सशाच्या वंशावळीतही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु माणसाने पाळलेल्या प्राण्याचे शरीर हाही एक दस्तऐवजच आहे. तो कोणत्या हेतूने लिहिला गेला, हे त्या जातीच्या मानदंडावरून कळते. मानदंड म्हणजे आदर्श प्राणी कसा असावा याचे पालकांच्या संघटनेने मान्य केलेले लेखी वर्णन. प्रदर्शनातील परीक्षक त्याच्याच आधाराने गुण देतात.

अंगोरा हे तुर्कस्तानातील अंकारा शहराचे जुने नाव. लांब केसांची बकरी आणि मांजरही याच नावाने ओळखली जाते. हा ससा अठराव्या शतकात पश्चिम युरोपात पसरला. फ्रान्समध्ये त्याच्या लोकरीचा धंदा झाला; इंग्लंडमध्ये त्याला हौशी पालक लाभले. एकाच प्राण्याला दोन घरी दोन वळणे लागली. इंग्लिश अंगोरा लहान चणीचा व रेशमी लोकरीचा. कानांवर, गालांवर, पायांवर लोकरीचे झुबके. फ्रेंच अंगोरा मोठा. त्याच्या लोकरीत राठ केस अधिक, तोंड व पुढचे पाय मात्र झुबक्यांपासून मोकळे.

अमेरिकेतील संघटनेच्या लेखी हे सारे १९३९ पर्यंत ‘अंगोरा वूलर’ या एकाच नावाखाली होते. त्या वर्षी इंग्लिश आणि फ्रेंच असे दोन प्रकार वेगळे धरले गेले आणि १९४४ मध्ये त्या दोन स्वतंत्र जाती ठरल्या. ससा एका रात्रीत बदलला नव्हता. बदलला होता तो कागद. पण कागद बदलला की पालक जोड्या निराळ्या लावतो, आणि काही पिढ्यांनी ससाही बदलतो.

जर्मनीत परीक्षकाच्या डोळ्यांपेक्षा तराजूला मान मिळाला. लोकरीच्या वजनावरच निवड होत गेली आणि वर्षाला किलोहून अधिक लोकर देणारे ससे निपजले. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात, कुलू खोऱ्यातील गरसा येथील सरकारी केंद्राने हाच जर्मन अंगोरा वाढवला. अमेरिकन संघटनेने मात्र त्याला वेगळी जात मानले नाही. तेव्हा लुईझ वॉल्श या पालक महिलेने त्याचा मोठ्या जातींशी संकर केला, आणि त्यातून निघालेला ‘जायंट अंगोरा’ १९८८ मध्ये मान्य झाला. तराजूला मानदंडाच्या दारातून आत यायला असे नवे रूप घ्यावे लागले!

या साऱ्याची किंमत कोण देतो? फ्रेंच अंगोराची लोकर ऋतुमानाप्रमाणे सुटते. जर्मन अंगोराची सहसा सुटत नाही. ती सुमारे तीन महिन्यांनी कातरावीच लागते. इंग्लिश अंगोराला वारंवार विंचरले नाही, तर लोकरीच्या जटा होतात. अंग चाटताना पोटात गेलेले केस साचले, तर जिवावर बेतू शकते.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. येथे ते आहे, आणि ते मुक्या प्राण्याने भरायचे आहे. रानातल्या सशाला नाव्ह्याची गरज नव्हती. ती आपल्या मानदंडाने निर्माण केली. म्हणून मानदंडात एक ओळ वाढवणे म्हणजे त्या प्राण्याची तेवढी सेवा कायमची अंगावर घेणे होय.