बंद पडलेल्या स्टेशनाचा पत्ता

खैबर खिंडीत लंडीखाना नावाचं एक रेल्वे स्टेशन होतं. इंग्रजांनी १९२६ साली तिथपर्यंत रूळ नेले आणि सहा वर्षांत, १९३२ मध्ये, तो तुकडा बंदही केला. अफगाणिस्तानची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे चाळीस वर्षांनी, १३ ऑगस्ट १९७२ च्या सकाळी, पठाणी कपड्यांतल्या तीन तरुणांनी अलीकडच्या लंडीकोतल गावात विचारलं, लंडीखान्याला कसं जायचं? त्या एका प्रश्नाने त्यांचा घात केला. ते तिघं भारतीय हवाई दलाचे वैमानिक होते आणि आदल्या रात्रीच रावळपिंडीच्या कैदेतून पळाले होते.

त्यांचा म्होरक्या मराठी होता : फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. सोबत मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. युद्धकैद्यांचं पलायन म्हटलं की आपल्याला स्टीव्ह मॅक्क्वीन, त्याची मोटारसायकल आणि जर्मनांचे काटेरी कुंपण आठवतं. आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसाने हे करून पाहिलंय, हे माझ्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून हा लेख.

परुळकर १९६५ च्या युद्धातही होते. तेव्हा त्यांच्या विमानावर गोळीबार झाला, खांद्याला गोळी लागली, तरी त्यांनी विमान परत आणलं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. १९७१ साली ते सुखोई-७ उडवत होते. १० डिसेंबरला विमान पडलं, ते पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले. आपण कैदेत पडलो तर पळून जाणार, असं त्यांनी युद्धाच्या आधीच वरिष्ठांना सांगून ठेवलं होतं. बोलणारे पुष्कळ असतात, यांनी ते मनावर घेतलं होतं.

रावळपिंडीच्या त्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा अधिकारी होते. यादीत कामत आहेत, चाटीही आहेत. सुरुवातीला प्रत्येक जण एकेकट्या कोठडीत. छावणीचा प्रमुख होता स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. नाताळला या माणसाने कैद्यांसाठी केक आणला आणि सगळ्यांना एकत्र बसू दिलं. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आता कुणी विचारेल, एवढी माणुसकी होती तर पळायचं कशाला? युद्ध तर १७ डिसेंबरला थांबलं होतं. जिनिव्हा कराराच्या ११८ व्या कलमानुसार लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडायला हवं. पण भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी होते, आणि त्यांच्या सुटकेत बांगलादेशाची मान्यता, खटले, काश्मीर असं सगळं गुंतलं होतं. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, तरी कैद्यांचा प्रश्न लटकलेलाच. कोठडीत बसलेल्या माणसाला महिने मोजण्यापलीकडे काही हाती नव्हतं. पळायला निघालेल्या कैद्याकडे तोच करार वेगळ्या नजरेने पाहतो : पळण्याचा प्रयत्न फसला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा नव्हे. पण हे कलम सरहद्दीवरच्या बंदूकवाल्याने वाचलेलं असेलच याची खात्री कोण देणार?

तयारी अगदी घरगुती होती. शाळेच्या ॲटलासवरून नकाशा उतरवला. सुई चुंबकावर घासून होकायंत्र केलं. वैमानिकांच्या जी-सूटमधल्या रबरी पिशव्यांत पाणी भरायचं ठरलं. करारानुसार कैद्यांना हातखर्चाचे थोडे पैसे मिळत, तेच बसभाड्यासाठी साठवले. मग कोठडीच्या मागच्या भिंतीचं प्लास्टर खरवडून एकेक वीट सैल करायला घेतली. १२ ऑगस्टच्या वादळी रात्री, बारा वाजून गेल्यावर, तिघं त्या भोकातून बाहेर पडले. रस्त्यावर सिनेमाचा शेवटचा खेळ सुटला होता. त्या गर्दीत मिसळले आणि पेशावरची बस पकडली.

पेशावर, जमरूद, लंडीकोतल. सकाळ झाली तेव्हा सरहद्द सहा-सात किलोमीटरवर होती. शाळेच्या ॲटलासमध्ये लंडीखाना हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं, म्हणून त्यांनी तेच विचारलं. तिथल्या माणसाच्या लेखी ते स्टेशन कधीच संपलं होतं. इकडचा कुणी ते विचारणार नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातला. आमची अकोला-पूर्णा लाईन मीटरगेज होती, पुढे ती ब्रॉडगेज झाली. जुन्या गाडीच्या वेळेवरून पत्ता सांगणारा माणूस आजही ओळखू येतो. आणि सरहद्द म्हणजे काय, हेही आमच्याकडे ऐकीव नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे वेगळं राज्य. मुक्तिसंग्रामाच्या काळात नदी ओलांडून पलीकडे आसरा घेणारे बरेच होते. अंतर किरकोळ, पण अनोळखी माणूस कपड्यांआधी बोलण्यावरून उघडा पडतो, हे नदीकाठच्या कुणालाही विचारा.

लंडीकोतलला मात्र गंमत वेगळीच झाली. कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांना हटकलं ते भारतीय म्हणून नव्हे. त्याला वाटलं, हे बंगाली आहेत! बांगलादेश झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात हजारो बंगाली अडकून पडले होते : नोकरदार, सैनिक, त्यांचे कुटुंबकबिले. त्यातले कित्येक याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. कारकून त्यांच्यावर डोळा ठेवून होता. जाळं दुसऱ्यांसाठी लावलेलं, सापडले हे.

तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे, सुट्टीवर फिरायला आलोय, अशी बतावणी केली. ती फार टिकणारी नव्हती. अशा मुलखात निनावी माणूस नाहीसा व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा परुळकरांनी एक फोन करू द्या म्हणून आग्रह धरला. कुणाला? उस्मान हमीदला. तो तोवर पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचा एडीसी झाला होता. त्याने पलीकडून सांगितलं की ही माणसं आमची आहेत. ज्याच्या ताब्यात एकेकाळी कैदेत होते, त्याच्याच शब्दाने जीव वाचला.

पुढे कैद, बदललेली जागा, लायलपूरची छावणी. १ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघा ओलांडून घरी आले. परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं, ते ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २०१९ मध्ये या पलायनावर हिंदी सिनेमा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले.

साडेतीन महिने थांबले असते तर आपोआप सुटले असते, असा हिशेब आज फोनवर बसून करता येतो. ऑगस्टमध्ये त्यांना डिसेंबर दिसत नव्हता. मला तरी त्यांचं पळणं वाया गेलेलं वाटत नाही. आठ महिने कोठडीत राहूनही पुढचं पाऊल आपण ठरवायचं, हे त्यांनी सोडलं नाही.

मला राहून राहून आठवतात ते दुसरेच. ज्यांच्यासाठी तो कारकून टपून बसला होता, ते बंगाली. ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्लीत करार झाला आणि त्यानंतर लाखाहून जास्त बंगाली पाकिस्तानातून मायदेशी परतले. त्याआधी खैबरची वाट धरणाऱ्यांना छावणीचा प्रमुख ओळखत नव्हता, आणि फोन लावायला नंबरही नव्हता. परुळकरांची गोष्ट कुणाला सांगाल तेव्हा त्यांचीही सांगा.