कोरियन बोलीचे दोन परकी विद्यार्थी

परकी भाषा शिकावयाची म्हणजे आधीं व्याकरण, अशी आपल्या सुशिक्षितांची समजूत आहे. इंग्रजी आम्ही याच वाटेनें शिकलों. त्यामुळें मिल्टनवर निबंध लिहितां येई, पण सुताराच्या पेटींतील चार हत्यारांचीं इंग्रजी नांवें येत नसत. कोरियन भाषेच्या इतिहासांत दोन परक्यांनीं ही वाट उलट्या टोकाकडून धरलेली दिसते.

पहिला अमेनोमोरी होशू (१६६८–१७५५). हा जपानी पंडित त्सुशिमा बेटाच्या सरदाराच्या पदरीं होता. बेट डोंगराळ, शेती थोडी, पोट कोरियाच्या व्यापारावर. तेव्हां शेजाऱ्याची बोली येणें हा तेथें अन्नाचा प्रश्न होता. दोन्हीं देशांचे विद्वान चिनी लिपींत लिहून एकमेकांस समजत; पण कागदानें दरबारचें काम भागतें, बंदरावरचें नव्हे. १७०३ सालीं, पस्तिशीच्या सुमारास, होशू पुसान येथील जपानी वखारींत जाऊन राहिला व कोरियन शिकला. वखारीच्या हद्दीबाहेर मोकळेपणानें फिरण्यास जपान्यांस मनाई होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या उद्योगाची किंमत कळते. १७२७ सालीं त्याच्या खटपटीनें त्सुशिमांत दुभाष्यांची शाळा निघाली. त्याच्या नांवावर चालत आलेल्या ‘कोरिन सुची’ या ग्रंथांत शब्द विषयवार लाविले आहेत: आकाश, ऋतु, पशुपक्षी, घर, अन्न. अमरकोश घोकलेल्यांस ही मांडणी ओळखीची वाटेल. पण अमर पर्याय देतो. येथें प्रत्येक शब्दाबरोबर एक सबंध कोरियन वाक्य व त्याचा जपानी अर्थ येतो.

आमच्या मतें मर्म येथेंच आहे. कोरियनमध्यें सुटा शब्द पाठ करून भागत नाहीं. भातास, आणि त्यावरून जेवणासही, ‘बाप’ म्हणतात (मराठी कानाची येथें थोडी फजिती होते). पण वडील माणसाच्या जेवणास ‘जिन्जी’ म्हणावें लागतें. तास मोजावयाचे देशी अंकांनीं, मिनिटें चिनीवरून आलेल्या अंकांनीं. म्हणून तीन हे तासांत ‘से’ आणि मिनिटांत ‘साम’. आपल्याकडेही ‘पाणी’ व ‘जल’ एकाच घरांत नांदतात. कोठें कोणतें शोभतें हें वाक्यावांचून कळत नाहीं.

दुसरा विद्यार्थी जॉन रॉस, मांचुरियांतील स्कॉटिश मिशनरी. कोरियाचीं दारें पाश्चात्त्यांस बंद असल्यानें त्यानें सरहद्दीवर भेटलेल्या ई उङ्चान या कोरियन गृहस्थाकडून बोली घेतली आणि १८७७ सालीं शांघाय येथें नित्य व्यवहारांतील संभाषणांचें ‘कोरियन प्रायमर’ छापलें. १८६६ पासूनच्या छळांत फ्रेंच पाद्री व हजारों देशी ख्रिस्ती मारले गेले होते. अशा दिवसांत परक्यास शिकविणाऱ्यानें केवढी जोखीम पत्करली! मुखपृष्ठावर नांव मात्र रॉसचें. १८०५ सालच्या कॅरीच्या मराठी व्याकरणालाही संभाषणें जोडलेलीं आहेत. त्यामागील वैजनाथ पंडितांची आठवण येथें होते.

गुरु वायव्य सरहद्दीचा, म्हणून पुस्तकांतील बोलीही तिकडची. तीच घेऊन सोलला गेलेल्याचें बोलणें राजधानीच्या कानास परगांवचें लागलें असतें. परंतु त्या पुस्तकांत कोरियन शब्द सुटे छापले होते. तोंवर कोरियन आपल्या मोडीप्रमाणें शब्दांत जागा न सोडतां लिहीत. १८९६ सालीं सोलहून निघालेल्या ‘तोङ्निप सिन्मुन’ या वृत्तपत्रानें शब्द सोडवून छापण्याची रीत चालविली, आणि १९३३ च्या शुद्धलेखन-नियमांत ती कायम झाली.