मंगोलियांतील पांढरा दुष्काळ

दुष्काळ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कोरडी विहीर उभी राहते. मंगोलियांतील पशुपालकाचा (आपण त्याला धनगरच म्हणूं) दुष्काळ बहुधा पांढरा असतो. त्याला तेथें ‘झुद’ म्हणतात. उन्हाळ्यांत पाऊस ओढ देतो, गवत खुरटतें, जनावरांच्या अंगावर चरबी चढत नाहीं. आणि मागाहून पारा शून्याखालीं ४० अंशांपर्यंत उतरतो. गवत हिमाखालीं गाडलें गेलें तर तो पांढरा झुद. हिम वितळून पुन्हां गोठलें व त्यावर बर्फाचा पत्रा बसला तर तो लोखंडी. हिम मुळींच पडलें नाहीं तरी धडगत नाहीं. कारण हिंवाळ्यांत जनावरांचें पाणी म्हणजे हिमच! तो काळा झुद.

यावर धनगराच्या दोन जुन्या युक्त्या. एक, घोडा, उंट, गाय, मेंढी व शेळी असा पांचांचा मेळ बाळगणें. घोडा खुरांनीं हिम उकरतो व त्याच्या मागून मेंढ्यांना चरतां येतें. दुसरी, संकट दिसतांच कळप घेऊन दूरच्या कुरणावर जाणें. यास ‘ओतोर’ म्हणतात.

कधीं कधीं दोन्ही युक्त्या थिट्या पडत. १९४४ चा ‘माकडाच्या वर्षाचा झुद’ तेथें अजून प्रसिद्ध आहे. तथापि सारा दोष थंडीच्या माथीं मारणें मला पटत नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत सरकारनें धनगरांना सामुदायिक संघांत गोंवलें. स्वतःचे कळप गेले हें खरें. पण संघाजवळ गवताच्या गंजी होत्या, विहिरी होत्या, ओतोरासाठीं मोटारी होत्या. १९९० सालीं एकपक्षीय राजवट संपली, पाठोपाठ संघ मोडले, गुरें वांटलीं गेलीं. कामधंदा गेलेले शहरवासी कुरणांत शिरले. धनगरांची संख्या दुपटीहून वाढली. त्यांतील कित्येकांना ओतोराची वाट ठाऊक नव्हती. विहिरी नादुरुस्त झाल्या, आणि मऊ लोकरीला भाव म्हणून शेळ्या मात्र बेसुमार वाढल्या.

मग १९९९ ते २००२ असे लागोपाठ तीन हिंवाळे आले, आणि एक कोटीहून अधिक जनावरें मेलीं. २००९-१० च्या एकाच हिंवाळ्यानें पुन्हां सुमारें तितकींच नेलीं.

२००६ पासून तेथें पशुविम्याचा एक चतुर प्रयोग झाला. भरपाई एकेकाचीं मेलेलीं जनावरें मोजून नव्हे, तर सबंध जिल्ह्यांतील मृत्यूच्या प्रमाणावरून द्यावयाची. यामुळें ज्यानें मेहनतीनें आपला कळप वांचविला, त्याचें नुकसान होत नाहीं. परंतु विम्याच्या पैशानें गवत उगवत नाहीं. २०२३-२४ च्या झुदांत ७० लाखांहून अधिक जनावरें गेलीं. ज्यांचा कळप संपला त्यांतील पुष्कळांनीं आजवर नमद्याचा तंबू उचलून उलानबातर राजधानीची कड गांठली आहे. तेथें ते आतां कोळसा जाळून हिंवाळा काढतात.