दारू प्यायल्यावर करंट कमी लागतो का? खरं काय ते वाचा

बीड : "घेतलेली असली की करंट लागत नाही," हे वाक्य जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, पारावर नाहीतर डीपीखाली, कानावर पडतं. रात्री फ्यूज उडतो, पिकाला पाणी द्यायचं असतं, लाईनमनचा फोन लागत नाही. मग गावातला 'झिरो वायरमन' बोलावतात. काही ठिकाणी त्याला आधी क्वार्टर द्यायची अन् मग डीपीवर चढवायचं, अशी रीतच पडून गेलीय. या समजुतीत थोडंसं खरं आहे, म्हणूनच ती टिकून आहे. पण त्याचा अर्थ लोक उलटा लावतात.

आधी करंटचं गणित बघू. घरातली वीज २३० व्होल्टची असते. तिच्यातला किती करंट अंगातून जाईल, हे मुख्यतः कातडीवर ठरतं. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा रोध काही हजार ते लाखभर ओहमपर्यंत असू शकतो. तोच हात ओला झाला की रोध हजार ओहमच्या आसपास येतो. म्हणजे कोरड्या हाताला जिथं नुसत्या मुंग्या येतात, तिथं ओल्या हातातून २०० मिलीअँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो. साधारण १ मिलीअँपिअरला माणसाला करंट जाणवतो. अमेरिकेतल्या चार्ल्स डाल्झिल या प्राध्यापकाने माणसांवर मोजमाप करून दाखवलं, की सरासरी १६ मिलीअँपिअरच्या पुढे पुरुषाला धरलेली तार सोडता येत नाही. बायकांच्या बाबतीत हा आकडा साडेदहाच्या आसपास आहे. पन्नास-शंभर मिलीअँपिअर छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून माणूस जागेवर जाऊ शकतो.

आता दारू. काहीजण म्हणतात, दारूतून वीज जात नाही, मग दारू पोटात असली की अंगातूनही कमी जाणार. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब जमत नाही. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम दारू अशी आहे. त्याच्या दहापट प्यालेला, तोल गेलेला माणूस घेतला तरी त्याच्या रक्तात दारू ०.३ टक्केच भरते. बाकी सगळं खारट पाणी, आणि त्यातून वीज बिनबोभाट जाते. उलट दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, घाम फुटतो अन् हात ओलसर होतो. म्हणजे करंट घटत नाही, झाला तर वाढतोच.

मग "मला काही झालं नाही" असं पिणारा म्हणतो, ते खोटं असतं का? नाही. त्याला खरंच कमी कळतं. दारू मेंदूवर काम करते, वेदना बोथट करते. २०१७ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी १८ प्रयोग आणि ४०४ लोकांची माहिती एकत्र तपासली. प्यायल्यावर वेदना जाणवायची पातळी थोडी वर जाते आणि झालेली वेदनाही कमी वाटते, असं त्यातून दिसलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या पायाच्या-हाताच्या नसाच अधू होतात, त्याला तर न पिताही बोटांत नीट कळत नाही.

गोम इथंच आहे. शेतकरी स्टार्टरच्या पेटीला उलटा हात लावून बघतो. मुंग्या आल्या की समजतो, पेटीत करंट उतरलाय, मेन बंद करा. प्यालेल्याला त्या मुंग्याच नीट कळत नाहीत, कळल्या तरी हात मागे घ्यायला उशीर होतो. इशारा हुकतो, करंट मात्र तेवढाच राहतो. शिवाय मूठ आवळते ती करंटनं. स्नायू थेट विजेनं आखडतो, तिथं दारूचा 'ढिलेपणा' काही कामाचा नाही. हृदयाचं म्हणाल तर भरपूर प्यायल्यावर धडधाकट माणसाची लयसुद्धा बिघडू शकते, हे अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ सालीच नोंदवलंय. सणासुट्ट्यांनंतर असे रुग्ण यायचे, म्हणून त्यांनी त्याला 'हॉलिडे हार्ट' असं नाव दिलं.

आपल्याकडे धोका वाढतो तो वेळेमुळं. सौर कृषी वाहिनीतून काही भागांत दिवसा वीज मिळू लागलीय, तरी बऱ्याच फीडरवर थ्री फेज अजून रात्रीच्या पाळीनं येते. अंधार, ओला बांध, अनवाणी पाय, जोड दिलेली केबल, त्यात पोटात दोन पेग. डीपीच्या वरच्या बाजूला तर ११ हजार व्होल्ट असतात, तिथं कोरड्या हाताचंही काही चालत नाही. रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाईट सोडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की रात्री झोकांड्या खात बांधावरून येणाऱ्याला ती तार दिसणार नाही. बॅटरीवरचं झटका मशीन क्षणभराचा ठोका देतं, मेनची लाईट धरून ठेवते. थेट लाईट सोडणं बेकायदाही आहे.

अपघात झालाच तर पहिली चूक वासामुळं होते. तोंडाला वास येतोय, "झोपू द्या, सकाळी उतरंल," असं म्हणून माणसाला बाजूला टाकतात. मेन बंद करा, मगच हात लावा. लाईन ११ हजारची असेल तर १९१२ वर कळवा आणि पुरवठा तोडल्याची खात्री होईपर्यंत लांब थांबा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहा, १०८ येईपर्यंत. मातीत पुरणं, तोंडात पाणी ओतणं हे काही करू नका. उठून बोलायला लागला तरी त्याचा ईसीजी झाला पाहिजे, कारण आतला भाजलेपणा वरून दिसत नाही आणि प्यालेला माणूस "दुखत नाही" असंच सांगणार. लघवी काळपट झाली तर किडनीला धोका असू शकतो. बीडचं जिल्हा रुग्णालय असो की अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, डॉक्टरला "किती घेतली होती" ते सरळ सांगा. लाजेनं लपवलं तर उपचार चुकतात.

एक गोष्ट घरच्यांना बहुतेक वेळा नंतर कळते. विजेच्या धक्क्यानं शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये मिळतात. पण अमली पदार्थाच्या अंमलाखाली झालेला अपघात आणि कायदा मोडताना झालेला अपघात, हे दोन्ही या योजनेत बसत नाहीत. आकडा टाकताना काही झालं तर तिथंही अडतं. शवविच्छेदनात व्हिसेरा राखून ठेवला जातो, आणि त्याच्या अहवालात दारू निघाली की प्रकरण लटकतं. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि विद्युत निरीक्षकांच्या चौकशीची कागदं मागून घ्या. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो, तेव्हा व्हिसेराच्या अहवालाची वाट बघत बसू नका.