आमच्या मोठ्या काकांचा 'खेकडा'

जुन्या आठवणी लिहा असं मागे ठरलं होतं. गढी, जत्रा, दुष्काळ यांवर बऱ्याच जणांनी छान लिहिलं. मी जरा वेगळा विषय घेतो. आमच्या वाड्यातल्या फडताळात दीड फुटाहून थोडं लांब, डालडाच्या डब्याच्या पत्र्याचं एक रेल्वे इंजिन आहे. ते मोठ्या काकांनी केलंय. धूर न सोडणाऱ्या इंजिनाचं मॉडेल आपल्या बीदर तालुक्यातल्या खेड्यात कसं आलं, त्याची ही हकिकत.

काकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल फसली 1338 आहे. दाखला उर्दूत, कारण निजामाचं राज्य. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1928-29. काका हसून सांगायचे, "मी अन् माझं इंजिन एकाच वयाचे बघ." ते खोटं नव्हतं. जीआयपी रेल्वेची ईएफ-1 जातीची मालगाडीची विजेची इंजिनं त्याच सुमारास मुंबईला उतरली. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-1 म्हणू लागले. एकूण 41 इंजिनं. पहिली 10 स्वित्झर्लंडच्या विंटरथूरच्या कारखान्यात झाली, बाकीची 31 इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत. विजेची यंत्रणा मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. घाट आपला, नमुना स्विस आणि बहुतेक घडण इंग्रजांची.

मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. हिरवा कंदील दाखवला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी. पुढे विजेची तार कल्याण, लोणावळा करत पुण्यापर्यंत आली आणि 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली, तीही विजेवर. बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे वाफेच्या इंजिनांचा जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून तर एवढा खर्च केला.

पोलीस अॅक्शननंतर दोन-तीन वर्षांनी काका कामाच्या शोधात निघाले. बीदरहून विकाराबाद, वाडी, सोलापूर, पुणे. पुण्यापर्यंत डोळ्यांत कोळशाची कस. पुण्यात वाफेचं इंजिन काढलं आणि विजेचं लावलं. ते म्हणायचे, "पोरा, पुढं खिडकीतून तोंड बाहेर काढलं तरी डोळे चुरचुरले नाहीत, तवाच ठरवलं, इथंच राहायचं." कल्याणला शेडमध्ये ते खलाशी म्हणून चिकटले आणि फिटर होऊन रिटायर झाले.

या इंजिनाला रेल्वेची माणसं 'खेकडा' म्हणत. उभं असलं की कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चालायला लागलं की बाजूच्या दांड्यांचा सपसप आवाज यायचा. दिसायलाही विचित्र. मध्ये पेटी आणि दोन्ही बाजूंना लांब सोंडा. त्याचं कारण वळणं. एवढं लांब धूड एकसंध केलं तर घाटात रुळावरून उतरायचं, म्हणून त्याला सांधे दिले. प्रत्येक सोंडेखाली चाकांच्या तीन जोड्या, आणि त्या दांड्यांनी एकमेकींना बांधलेल्या.

काकांनी हे सगळं मॉडेलमध्ये आणलं. चाकाच्या दांड्या सायकलच्या स्पोकच्या, वर तारेला टेकणारा पँटोग्राफ छत्रीच्या काड्यांचा. सांधे खरे आहेत, वळणावर इंजिन वाकतं. माप चाळिसाव्या हिश्शाचं. आपला ब्रॉडगेज रूळ 1676 मिलिमीटरचा, म्हणून त्यांनी लाकडी पट्टीवर रूळ ठोकले ते बरोबर 42 मिलिमीटर अंतरावर.

हे 42 महत्त्वाचं का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. बाजारात मिळणारी खेळण्यातली परदेशी रेल्वे बहुधा 16.5 मिलिमीटरच्या रुळावर चालते. ट्राय-अँग नावाच्या ब्रिटिश कंपनीने 1960 च्या दशकात ईएम-2 जातीच्या 'इलेक्ट्रा' या विजेच्या इंजिनाचं मॉडेल काढलं होतं, तेही याच रुळावर. खरी 'इलेक्ट्रा' मँचेस्टर-शेफील्ड मार्गावर आपल्यासारख्याच 1500 व्होल्टवर धावायची आणि तिच्यातली विजेची यंत्रणाही मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचीच. म्हणजे नात्याने आपल्या खेकड्याची धाकटी बहीणच म्हणा. पण भारतीय इंजिन 87 पट लहान केलं तर रूळ 19 मिलिमीटरच्या वर जातो. 16.5 वर बसवलं की ते आखूड पायाचं दिसतं. काकांकडे ना कॅटलॉग, ना तयार चाकं. म्हणूनच त्यांचं मॉडेल आपल्या रुळाशी इमानदार राहिलं.

ज्यांना हा छंद जवळून बघायचाय त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर बघावं. ते 1998 पासून आहे. खरा खेकडा बघायचा तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' उभा आहे.

काका गेल्यावर वाड्याच्या वाटण्या झाल्या. भांडी, शेत, विहीर सगळ्यांवर बोलणी झाली, इंजिनावर कुणी बोलेना. एक चुलतभाऊ म्हणाला, भंगारात पत्र्याचे काय येणार? दुसऱ्याने एका संस्थेला विचारलं, तर त्यांनी 'हे कुणी, कधी केलं त्याचा कागद' मागितला. आता काकांचा एक कागद उर्दूत, नोकरीचे कागद इंग्रजीत, 1956 नंतरचा सातबारा कन्नडमध्ये आणि माणूस आयुष्यभर मराठी बोलला. त्यात इंजिनाचा उल्लेख कुठे असणार? शेवटी आमच्या वहिनी म्हणाल्या, "कागद नाही ना? मग तुम्ही लिहा." म्हणून हे लिहिलं. मॉडेल वाड्यातच राहील, खाली मराठीत आणि कन्नडमध्ये माहिती लावायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

मुंबईतली डीसी वीज एप्रिल 2016 मध्ये हार्बर लाइनवर संपली, आता सगळीकडे 25 हजार व्होल्टची एसी. ऑक्टोबर 2017 मध्ये बीदर-कलबुर्गी लाइन सुरू झाली. पूर्वी कलबुर्गीला जायचं तर रेल्वेने विकाराबाद-वाडीचा वळसा होता. आमच्या पिढीचा प्रवास सोपा झाला. पण आपल्या भागातून कल्याण, सोलापूर, वाडीच्या शेडमध्ये गेलेल्या माणसांनी काय काय केलं, हे त्यांच्या घरच्यांशिवाय कोण सांगणार?

तुमच्या घरी कुणी रेल्वेत होतं का? डबा, कंदील, पास, फोटो, काहीही असेल तर फोटो काढून इथे टाका आणि खाली चार ओळी लिहा. घरात सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.