माती-बांध, खासगी (बुलढाणा जिल्हा)

माती-बांध, खासगी : ओढा अडवून, मातीचा भराव टाकून एखादी व्यक्ती वा संस्था स्वखर्चाने उभारते तो लहान बांध. येथे विचार आहे तो शेतीपेक्षा हौसेसाठी केलेल्या बांधाचा. असल्या पाण्याची हौस जिल्ह्याला नवी नाही. सिंदखेडराजाला मोती तलाव आणि मधोमध वास्तू असलेला चांदणी तलाव आहे. शेगावला आनंदसागरातील कृत्रिम तलाव आहे. मोती तलावाची भिंत दगडी. मातीच्या भिंतीला तेवढी चूक पचत नाही.

मालकी : भिंत मालकाची, पण पाणी त्याचेच असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार कोणाच्या मालकीचे नसलेले नदी-नाले व वाहते पाणी शासनाचे. सातबारा नावावर असला म्हणून ओढा अडवायची मुभा मिळत नाही. खालच्या शेतकऱ्याचाही त्या प्रवाहावर हक्क असतो. बांध फुटला तर भरपाई मात्र मालकाच्या गळ्यात. 1874 साली प्रिव्ही कौन्सिलने कारवेटनगरच्या जमीनदाराला फुटलेल्या तलावांमुळे झालेल्या रेल्वेच्या नुकसानीतून सोडले, कारण ते तलाव राखणे हे त्याचे परंपरागत लोककर्तव्य होते. हौशी तळ्याला ही ढाल मिळणे कठीण.

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 मुख्यतः 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरची धरणे काही अटींवर त्यात येतात. त्याखालचा बांध कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो, पण खालच्या वस्तीला असलेला धोका त्यामुळे कमी होत नाही.

सुरक्षा : काळी माती पाणी धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती गाभ्यात घालून वर मुरूम चढवतात आणि थराथराने पाणी मारून रोलर फिरवतात. लहान बांध बहुधा फुटतात ते अपुऱ्या सांडव्यामुळे. पाणी माथ्यावरून गेले की मातीचा भराव बघता बघता कापला जातो. हौशी मालकाची खोड इथेच नडते: दिवाळीपर्यंत तळे काठोकाठ दिसावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात, मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावली जाते आणि तिच्यात पालापाचोळा अडकतो. घुशींची बिळे आणि भरावातली बाभळीची मुळेही पाण्याला वाट करून देतात. 2 जुलै 2019 रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे दगावली, तेव्हा खेकड्यांवर फोडलेले खापर थट्टेचा विषय झाले. ते धरण शासकीय होते. खेकड्यांची ती सबब हास्यास्पद असली, तरी बिळांनी भराव पोकळ होतो हे खोटे नाही.

पायथ्याशी झिरपणारे पाणी ग्लासात धरून पाहावे. स्वच्छ असेल तर नुसती नजर ठेवावी. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे. अशा वेळी तळे तातडीने उतरवावे, खालच्या वस्तीला सावध करावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे. सांडवा मृगाआधी मोकळा करावा.